अभ्यास दार वाजवत नाही

कॅरीतल्या आमच्या घरापासून रालीतलं माझं वसतिगृह गाडीने वीस मिनिटांवर. नॉर्थ कॅरोलायना स्टेटला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, ‘एवढं जवळ कॉलेज, मग हॉस्टेलचा खर्च कशाला?’ पहिलं वर्षभर माझ्याकडे त्याला धड उत्तर नव्हतं. दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट २०२२पासून, मी आरए झाले आणि खोलीचं भाडंच सुटलं. आरए म्हणजे रेसिडेंट असिस्टंट. विद्यार्थ्यांमधूनच निवडलेली, मजल्यावरच राहणारी आणि मजल्याचं बरं-वाईट बघणारी व्यक्ती. साताऱ्याच्या आजीने तेव्हापासून मला ‘रेक्टरबाई’ करून टाकलं. तिच्या डोळ्यांसमोरची रेक्टरबाई पन्नाशीची, कडक इस्त्रीच्या साडीतली, दिवेलागणीला फाटक बंद करणारी. इथे एकोणीस वर्षांच्या मुलीने अठरा वर्षांच्या मुलींकडे रात्री लक्ष ठेवायचं आणि सकाळी त्यांच्याच शेजारी बसून क्विझ द्यायची.

आता कॅरी-मॉरिसव्हिलमधली ओळखीची मुलं विचारतात, हे काम घ्यावं का? त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे एका जागी लिहिते.

१. आधी बेरीज करा.

इथे एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे निदान दोन तास, असा सरकारमान्य हिशेब आहे. १५ क्रेडिट घेतली की ४५ तास गेले. आरएच्या कामाचे २० तास धरा, झाले ६५. रोज आठ तास झोप म्हणजे ५६. आठवड्याचे तास १६८, उरले ४७. त्यात अंघोळ, जेवण, कपडे धुणं, मैत्रिणी, क्लब, घरचे फोन, आणि नुसतं छताकडे बघत पडणं. कागदावर ४७ हा आकडा ऐसपैस दिसतो, पण हे तास सलग मिळत नाहीत. दोन लेक्चरच्या मधली चाळीस मिनिटं, बसची वाट बघतानाची दहा मिनिटं, असे सुटे मिळतात. म्हणून ज्या सत्रात ड्यूटी सुरू होणार त्या सत्रात १८ क्रेडिटची हौस करू नका. १२ क्रेडिटला पूर्णवेळ विद्यार्थी धरतात, १४–१५ला थांबलात तर कोणी नावं ठेवत नाही. झोपेचे ५६ तास मात्र बेरजेत आधी लिहा. शेवटी लिहिलेत तर ते उरत नाहीत.

२. अभ्यास दार वाजवत नाही.

मला यातलं एकच सांगायचं असेल तर हे सांगेन. बाकी सगळे दार वाजवतात. किल्ली आत विसरलेली मुलगी, मायक्रोवेव्हमध्ये कोणाचं तरी काहीतरी जळलंय म्हणून सांगायला आलेली मुलगी, पहिल्यांदाच घर सोडल्यामुळे रडू आवरत नसलेली मुलगी. डान्स टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप वाजतो, वरिष्ठांची ईमेल वाजते, ‘जेवलीस का गं?’ म्हणून आईचा फोन वाजतो. या सगळ्यांना तोंड आहे. स्टॅटिक्सच्या चौथ्या प्रकरणाला तोंड नाही. ते वहीत गप्प पडून राहतं आणि महिन्याभराने परीक्षेत एकदम बोलतं.

आरएच्या बाबतीत हे जास्तच खरं, कारण ड्यूटी तक्त्यावर छापलेली असते. कोणत्या रात्री फोन कोणाकडे, फेऱ्या किती वाजता, बैठक कधी, सगळं लेखी. चुकलं तर विचारणारं माणूस आहे. मंगळवारी दुपारी ग्रंथालयात बसायचं ठरवलं होतं आणि बसलो नाही, हे विचारायला कोणी येत नाही. तेव्हा जे छापलेलं आहे त्याच तक्त्यावर, त्याच शाईत, अभ्यासाचे तास लिहायचे. आणि ते इमारतीच्या बाहेर काढायचे. माझी जागा हंट लायब्ररी. सेंटेनिअल कॅम्पसवरचं हे ग्रंथालय २०१३मध्ये उघडलं. तिथे बहुतेक पुस्तकं कपाटात दिसत नाहीत. बुकबॉट नावाची यंत्रणा वीस लाखांपर्यंत पुस्तकं पेट्यांमध्ये ठेवते आणि मागाल ते यंत्राच्या हाताने काढून देते. पाहुण्यांना ती काचेतून दाखवायला मजा येते. मला तिचा उपयोग वेगळाच होता: कॅम्पसची वुल्फलाइन बस धरून तिथे गेलं की मजल्यावरची मुलगी ‘एक मिनिट’ म्हणून डोकावू शकत नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी पहिल्या वर्षी तर हे काम डोक्यातही आणू नये. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या गणित, रसायन आणि भौतिकीच्या गुणांवर कोडा नावाची चाळणी लागते आणि हवी ती शाखा मिळते की नाही ते तिथे ठरतं. त्या वर्षी दारावर नावांच्या पाट्या कापत बसू नका.

३. ड्यूटीच्या रात्री नवं काही शिकायला घेऊ नका.

संध्याकाळी ड्यूटीचा फोन हातात येतो तो सकाळपर्यंत. मधे ठरलेल्या वेळी इमारतीच्या फेऱ्या. प्रत्येक मजला, जिना, कपडे धुण्याची खोली, आणि अडकवून उघडी ठेवलेली दारं बंद करणं. कागदावर दोन फेऱ्यांच्या मधे भरपूर वेळ असतो. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. समोर ट्रसची आकृती आहे. जोड ‘क’वर तीन बल, दोन माहीत, एक शोधायचं. कोन मांडला, समीकरण अर्धं झालं, फोन. तिसऱ्या मजल्यावर टॉवेल गुंडाळलेली मुलगी, अंघोळीला जाताना दार मागे लागलं. खाली जायचं, किल्ल्यांचं कपाट उघडायचं, वहीत नाव, खोली, वेळ लिहायची, वर जायचं, दार उघडून द्यायचं, परत खाली येऊन किल्ली जागेवर ठेवून सही करायची. वीस मिनिटांनी आकृतीसमोर बसलं की ते तिसरं बल ओढतंय की ढकलतंय हेच आठवत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा ड्यूटीच्या रात्रीसाठी तुटलं तरी चालेल असं काम बाजूला काढून ठेवायचं. लॅब रिपोर्टमधले तक्ते आखणं, समजलेल्याच प्रकरणाची जास्तीची गणितं, ईमेलची उत्तरं, पुढच्या महिन्याचा फलक. माझ्याबरोबरचा एक जण ड्यूटीच्या रात्री फक्त स्पॅनिशचे शब्द पाठ करायचा आणि त्या एका विषयात त्याला कायम ‘ए’ मिळाला.

४. खोलीतली भांडणं पहिल्या पंधरवड्यात मिटवा, नाहीतर ती मिडटर्मच्या आठवड्याला वर येतात.

सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक जोडीकडून करारनामा भरून घ्यायचा असतो. झोपायची वेळ, पाहुणे, साफसफाई, एसी किती अंशावर, कोणाचं काय वापरलेलं चालेल. मुली हसत हसत सगळीकडे ‘काहीही चालेल’ लिहितात. ‘काहीही चालेल’ दिसलं की समजायचं, हे दार ऑक्टोबरात वाजणार.

एका खोलीत एक मुलगी आरओटीसीची. पहाटे साडेपाचला तिची कवायत. दुसरी रात्री दोनपर्यंत हेडफोन लावून गेम खेळणारी. दोघींची तक्रार आवाजाबद्दल असेल असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. कवायतीची मुलगी गजर वाजला की तो पुढे ढकलायची, दर नऊ मिनिटांनी, चार-पाच वेळा. दुसरीचं म्हणणं एवढंच, ‘तू ऊठ, माझं काही नाही. पण एकदाच ऊठ.’ इतकं साधं वाक्य बोलायला त्यांना तिसऱ्या माणसाची गरज लागली. करारनाम्यात ‘गजर एकदाच’ असं लिहिलं, दोघींनी सह्या केल्या. नंतर गेमवाल्या मुलीने तिला उशीखाली ठेवायचा थरथरणारा गजर वाढदिवसाला दिला.

न्यायाधीश होऊ नका. ‘रात्री किती वाजता दिवा बंद हवा?’ असे आकड्यात उत्तर येणारे प्रश्न विचारा. ‘तुला काय वाटतं?’ म्हटलं की दीड तास जातो.

५. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.

हे अंगवळणी पडायला मला सगळ्यात जड गेलं, कारण आपल्याकडे मैत्रीची खूणच ती. रात्री अकराला दारात कोणी येऊन म्हणतं, ‘एक सांगायचंय, पण शपथ घे.’ इथल्या बहुतेक कॉलेजांत आरएला ती शपथ घेता येत नाही. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली की ती ठरलेल्या कार्यालयाला कळवणं बंधनकारक असतं. त्यामागे टायटल नाइन हा १९७२चा कायदा आहे. म्हणून समोरची बोलायला लागण्याआधीच सांगायचं, ‘मी ऐकेन. पण काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात. पूर्ण गुप्तता हवी असेल तर समुपदेशक आहेत, मी तुझ्याबरोबर चालत येते.’ काही जणी तिथेच थांबतात आणि विचार करून दुसऱ्या दिवशी येतात. त्यांचा तो हक्क आहे.

ऑगस्ट २०२२मधल्या प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट शिकवली. कोणी हताश बोलू लागलं, आवडती वस्तू वाटून टाकू लागलं, जेवणं-झोपणं सोडलं, तर आडून विचारायचं नाही. ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असं सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. मग एकटं सोडायचं नाही आणि जाणत्या माणसाला बोलवायचं. ९८८ हा राष्ट्रीय मदतीचा फोन नंबर त्याच वर्षी जुलैत सुरू झाला होता. तो मी मजल्यावर प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. बाहेरच्या बाजूला नाही, तो वाचताना आपल्याला कोणी बघू नये असं माणसाला वाटतं.

अशी रात्र गेली की दुसऱ्या दिवशीचा अभ्यास होत नाही. होईल अशी अपेक्षाही ठेवू नका. प्राध्यापकांना त्याच सकाळी दोन ओळींची ईमेल करा, ‘रात्री वसतिगृहात तातडीचं काम होतं, गृहपाठ उद्या दिला तर चालेल का?’ तपशील देऊ नका, तो आपला नसतो. माझ्या अनुभवात आधी कळवलं की बहुतेक जण मुदत वाढवून देतात. आणि तुमच्या वर जो पगारी व्यवस्थापक आहे त्याच्याशी बोला. मुलींचं ऐकणाऱ्या मुलीचंही कोणाला तरी ऐकावं लागतं.

६. आजोबांना विचारा.

माझे आजोबा पन्नासच्या दशकात साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात शिकले, ‘कमवा आणि शिका’ योजनेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीत जेवायची आणि पाणी भरण्यापासून स्वयंपाकापर्यंत कामं स्वतः करायची. तीच रीत त्यांनी १९४७मध्ये कॉलेजात आणली. आजोबांच्या वाट्याला शेतातली खोदाई आणि विटा वाहणं. फोनवर मी माझी ड्यूटी सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘म्हणजे हाताला काम काहीच नाही?’

आधी मला राग आला. मग कळलं की त्यांनी नेमकी दुखरी जागा पकडली होती. त्यांचं काम घमेलं खाली ठेवलं की संपायचं. अंग थकलेलं, डोकं मोकळं. ते रात्री कंदिलाशी बसले की वाचलेलं डोक्यात शिरायचं. माझं काम नेमकं डोक्यात राहतं. फोन दुसऱ्याकडे दिला तरी मजल्यावरच्या एखाद्या मुलीने आज जेवायला काय खाल्लं असेल हा प्रश्न माझ्याबरोबर ग्रंथालयात येतो. त्यावर वाचन हा उपाय नाही, अंगमेहनत हा आहे. आजोबांच्या त्या बोलण्यानंतर मी ड्यूटी संपली की आधी पळायला जायचे आणि मग पुस्तक उघडायचे. अर्ध्या तासाच्या पळण्याने पुढचे दोन तास खरे व्हायचे.

७. कॅम्पसवरची एकच हौस निवडा, पण ती मनापासून करा.

ऑगस्टमध्ये हिल्सबरो स्ट्रीट बंद करून पॅकापलूझा हा मेळा भरतो. तिथे प्रत्येक क्लबचं टेबल असतं आणि प्रत्येक टेबलावर नाव लिहायला कागद. नऊ ठिकाणी नाव लिहिणारा नोव्हेंबरात एकाही ठिकाणी दिसत नाही. मी डान्स टीम सोडली आणि पळणं ठेवलं. तेच मला क्रिस्पी क्रीम चॅलेंजला घेऊन गेलं. २००४मध्ये काही विद्यार्थ्यांच्या पैजेतून सुरू झालेली ही शर्यत: बेलटॉवरपासून अडीच मैल पळायचं, क्रिस्पी क्रीमच्या दुकानाशी डझनभर डोनट खायचे, अडीच मैल परत, सगळं एका तासात. पैसे मुलांच्या रुग्णालयाला जातात. डोनट पाण्यात बुडवून गोळा करून गिळावे लागतात, याहून जास्त वर्णन नको.

आरएला मुलींसाठी कार्यक्रमही करावे लागतात. त्यासाठी वेगळं डोकं चालवू नका, स्वतः जे करणारच आहात त्यातच त्यांना ओढा. मी रविवारी पळायला जाताना मजल्यावर चिठ्ठी लावायचे. चौघी यायच्या. परत येताना विद्यापीठाच्याच गाईंच्या दुधाचं हाउलिंग काउ आइस्क्रीम मिळेल असं लिहिलं तर अकरा.

८. घर जवळ आहे, हेही एक काम आहे.

हे कॅरीच्या मुलांसाठी खास. घर दूर असलेल्याला सुटका असते, आपल्याला नसते. शार्लटकडची पीडमाँट गाडी कॅरीला थांबून रालीला जाताना आमच्या कॅम्पसच्या मधोमध जाते. तिची शिट्टी ऐकली की आईचा डबा आठवतो, आणि डबा आठवला की शनिवार जातो.

आरएचं प्रशिक्षण ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे सुट्टीत भारतात गेलात तर जुलैतच परतायचं. पुढे गणपती. २०२२मध्ये ते ३१ ऑगस्टला आले, वर्ग सुरू होऊन जेमतेम दीड आठवडा झालेला, मजल्यावर अर्धी नावंही पाठ नव्हती. मग ऑक्टोबरात कोका बूथ ॲम्फीथिएटरवर कॅरीची दिवाळी, मंडळाचे कार्यक्रम, आणि त्यातच मिडटर्म. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशी, कॅरीच्या व्यंकटेश्वर मंदिराच्या ८७ फुटी गोपुराचं उद्घाटन गव्हर्नर रॉय कूपर यांच्या हस्ते झालं. आमचं सगळं घर तिथे, मी ड्यूटीवर. फोटोत आईने मला गोपुराशेजारी रिकामी जागा दाखवली.

त्यानंतर मी ड्यूटी वाटपाच्या बैठकीला कालनिर्णय घेऊन जायला लागले. वर्षाच्या सुरुवातीला सगळे आरए टेबलाभोवती बसतात आणि रात्री वाटून घेतात. तिथे देवघेव करायची. ईस्टरचा शनिवार-रविवार मी घेते, सुपर बोलची रात्र मी घेते, व्हॅलेंटाइन्स डे तर आनंदाने घेते. मला गणपतीच्या आरतीचा शनिवार आणि लक्ष्मीपूजन मोकळं द्या. लोक चकित होऊन लगेच हो म्हणतात. अमेरिकन मुलांना ईस्टरला घरी जायला मिळतं आणि आपल्याला उकडीचे मोदक. तारखा मात्र बैठकीआधी माहीत हव्यात, नंतर मागितल्या तर मिळत नाहीत.

आणि ठरलेला तक्ता घरी फ्रिजवर लावा. आईला ‘वेळ नाही’ हे पटत नाही. ‘मंगळवारी ड्यूटी आहे’ हे पटतं. मी त्या तक्त्यात ‘हंट लायब्ररी’ हीसुद्धा ड्यूटीच्या रंगात रंगवली होती.

९. व्हिसाचं आधी बघा.

आमचं ग्रीनकार्ड वेळेत झालं म्हणून मला हा प्रश्न आला नाही. पण कॅरीत माझ्याबरोबर शाळेत गेलेली कितीतरी मुलं एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर आहेत. लहानपणापासून इथे वाढली तरी त्यांना नोकरी करता येत नाही, आणि आरए ही नोकरीच आहे, मोबदला खोलीच्या रूपात असला तरी. एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा असेल तर सत्र चालू असताना कॅम्पसवरची सगळी कामं मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा. म्हणजे आरए झालात तर ग्रंथालयातली किंवा प्रयोगशाळेतली दुसरी नोकरी त्याच २० तासांत बसवावी लागते. एच-फोरवरच्या मुलांचं एकविसाव्या वर्षी आई-वडिलांच्या व्हिसावरचं नाव निघतं, तेव्हा व्हिसा कधी बदलायचा ते त्याआधी पुरेसा वेळ ठेवून ठरवा. अर्ज भरण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारून या. मित्राचं ऐकून नको.

१०. मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा.

इमारतीत आरए किती? यावरून तुमची रात्र किती दिवसांनी येणार ते ठरतं. सुट्ट्यांत इमारत उघडी असते का? असेल तर थँक्सगिव्हिंगला कोण थांबतं? मजला पहिल्या वर्षाच्या मुलांचा की वरच्या वर्गांचा? पहिल्या वर्षाची मुलं दार जास्त वाजवतात, वरच्या वर्गांची मुलं वाजवतच नाहीत आणि त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. जेवणाचा खर्च मिळतो की फक्त खोलीचा? काम मधेच सोडलं तर खोली किती दिवसांत रिकामी करायची? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण नोकरी आणि घर एकाच माणसाच्या हातात देताना तो विचारायलाच हवा. शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी काम सोडलं, तेव्हा मला उत्तर माहीत होतं. त्यामुळे मे महिन्यात सामान गाडीत टाकून कॅरीला गेले आणि ऑगस्टपर्यंत ॲव्हेंट फेरी रोडवर तीन मैत्रिणींबरोबर घर बघून झालं होतं. तिथे भाडं भरावं लागलं.